नाक्यापुरता प्रवास

थोड्या पैशांत फिरणाऱ्या माणसाविषयी सुस्थित माणसाच्या मनात जी सौम्य तुच्छता पूर्वापार वसत आली आहे, तिने अलीकडे सुसंस्कृत युक्तिवादाचा पोशाख अंगावर चढवला आहे. पूर्वी ‘पैसे नव्हते तर गेलात कशाला?’ असा रोखठोक सवाल येत असे आणि त्याला तितकेच रोखठोक उत्तरही देता येत असे. आता तसे कोणी विचारत नाही. आता प्रवासाच्या सखोलतेविषयी, संथपणाविषयी आणि परक्याच्या मुलखात पाऊल टाकण्याच्या नैतिक जबाबदारीविषयी बोलले जाते. आणि या सगळ्या उदात्त विवेचनाच्या अखेरीस आरोपीच्या पिंजऱ्यात जो उभा केला जातो तो मात्र तोच जुना इसम असतो, पाठीवर एक पिशवी, खिशात मोजके चलन आणि हातात तिसऱ्या वर्गाचे तिकीट असलेला. त्या इसमाचे वकीलपत्र घेऊन मी येथे उभा आहे.

वाद हवेत राहू नये म्हणून एक नेमका प्रवास समोर ठेवतो. मलेशियाच्या वायव्येस, पेनांग बेटाच्या समोर, बटरवर्थ हे रेल्वेचे ठिकाण आहे. तेथून निघणारी लोकल गाडी सुमारे दोन तासांत आणि दहा-बारा रिंगिटांत पर्लिस राज्यातल्या पादांग बेसार या सरहद्दीवरच्या स्थानकात आणून सोडते. त्या एकाच स्थानकात दोन्ही देशांचे अंमलदार बसतात आणि पारपत्रावर एकाने निर्गमनाचा, दुसऱ्याने आगमनाचा शिक्का मारला की पलीकडे उभी असलेली थायलंडची जुनाट गाडी तासाभराच्या आत हातयाई शहरात नेऊन पोहोचवते. प्रवासी तेथे एखाद-दुसरी रात्र काढतो, बाजारातून हिंडतो, रस्त्याकडेला जेवतो आणि आल्या वाटेने माघारी फिरतो. एवढाच हा प्रवास. यात राजवाडा नाही, सुवर्णमंदिर नाही, समुद्रकिनाऱ्यावरचा सूर्यास्तही नाही.

यावर तीन आक्षेप घेतले जातात, आणि ते त्यांच्या पूर्ण बळानिशी मांडणे हे प्रतिवाद करणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. पहिला आक्षेप उथळपणाचा: ज्या देशाची भाषा अवगत नाही, ज्याची लिपी वाचता येत नाही, ज्याची राजधानी हातयाईहून लोहमार्गाने सुमारे साडेनऊशे किलोमीटर दूर आहे, तो देश एका रात्रीत काय कळणार? दुसरा खोट्या काटकसरीचा: क्वालालंपूरहून विमानाने तासाभरात जे अंतर तुटते, त्यासाठी दिवसभर गाड्या बदलत बसणारा माणूस पैसे वाचवत नाही, वेळ उधळतो. तिसरा आक्षेप नीतीचा आणि म्हणून सर्वांत गंभीर: इतरांच्या आयुष्यात जी सरहद्द ताटातुटीचे, बेकारीचे, प्रसंगी मृत्यूचे कारण होते, ती मौज म्हणून ओलांडून पारपत्रात एका शिक्क्याची भर घालणे हा असंस्कृतपणा आहे. या तीन आक्षेपांपैकी एकही मूर्खपणाचा नाही. तिन्हींच्या मुळाशी मात्र एकच गृहीतक आहे, आणि ते चुकीचे आहे.

गृहीतक असे, की सरहद्द ओलांडणाऱ्याला सरहद्दीपलीकडचा देश पाहायचा असतो. तसे धरून चालले की बाकीचे सगळे ओघाने येते: देश मोठा म्हणून एक रात्र अपुरी, देश हेच गंतव्य म्हणून वाटेतला वेळ वाया, देश तर पाहिलाच नाही म्हणून मागे उरला तो केवळ शिक्का. परंतु या प्रवाशाचे गंतव्य देश नव्हेच. त्याचे गंतव्य ती रेषा आहे. दोन राज्यसंस्था जेथे एकमेकींना भिडतात, जेथे एकीचा कायदा, नाणे, घड्याळ आणि लिपी संपून दुसरीची सुरू होते, ते ठिकाण हा अवलोकनाचा स्वतंत्र विषय आहे. आणि तो विषय ज्याला समजून घ्यायचा आहे त्याने तो भूमीवरून, पायी किंवा रुळांवरून, आणि शक्य तितक्या स्वस्तात ओलांडावा, असे माझे प्रतिपादन आहे. थोडका वेळ आणि थोडका खर्च ही या प्रवासाची वैगुण्ये म्हणून सांगितली जातात. मी त्यांना त्याच्या अटी मानतो.

पादांग बेसारचेच उदाहरण घेऊ. या नावाची दोन गावे आहेत, एक मलेशियात आणि एक थायलंडात, आणि त्यांच्यामधून जी रेषा जाते तिचे वय सव्वाशे वर्षांच्या आतले आहे. १० मार्च १९०९ रोजी बँकॉक येथे ब्रिटिश सरकार आणि सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, राजे चुलालोंगकोर्ण यांचे सरकार यांच्यात जो तह झाला, त्यान्वये केडा, केलांतान, तेरेंगानू आणि पर्लिस या चार मलाय राज्यांवरचे सयामचे अधिराज्य ब्रिटिशांकडे गेले. पत्तानी आणि सातून हे मुलूख सयामकडेच राहिले. मोबदल्यात ब्रिटिशांनी सयाममधील आपल्या प्रजाजनांवरचा स्वतंत्र न्यायाधिकार क्रमाक्रमाने सोडण्याचे कबूल केले, आणि दक्षिणेकडचा लोहमार्ग बांधण्यासाठी सयामला मलायी राज्यसंघाच्या तिजोरीतून ४० लक्ष पौंडांचे कर्ज मंजूर झाले. म्हणजे ज्या सौद्यात ही रेषा आखली गेली, त्याच सौद्यात ती ओलांडून जाणाऱ्या रुळांचीही तजवीज झाली. सयामचे उत्तरेकडचे लोहमार्ग अधिक रुंद मापाचे होते. दक्षिणेकडचा मात्र मलायातल्या रुळांशी जुळावा म्हणून मीटरगेज घातला गेला, आणि पुढे उत्तरेकडच्या रुळांनाही तेच माप पत्करावे लागले. १९१८ साली दोन्हीकडचे रूळ पादांग बेसारला जुळले. ज्या कराराने एकाच भाषेच्या आणि एकाच धर्माच्या लोकवस्तीची वाटणी केली, त्याच कराराने त्या वाटणीवरून गाडी जाण्याची सोय केली. आणि ही दोन कृत्ये परस्परविरुद्ध आहेत असे तेव्हाच्या मुत्सद्द्यांना क्षणभरही वाटले नाही, कारण माल जावा आणि माणूस मोजला जावा या दोन्ही गरजा एकाच शासनाच्या होत्या.

रेषेचा स्थिरपणा किती नाममात्र असतो हेही येथेच दिसते. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी फौजा सोंगख्ला आणि पत्तानी येथे उतरल्या, तेव्हा पंजाब रेजिमेंटच्या मूठभर शिपायांना घेऊन एक चिलखती गाडी याच पादांग बेसारहून थाई मुलखात शिरली, क्लोंग न्गेपर्यंत गेली, तेथला रेल्वेचा पूल उडवून परतली. आणि आठवडाही लोटला नाही तोच, दक्षिणेस जित्रा येथे हिंदी सैन्याची फळी मोडली. १९४३ साली जपानने तीच चार मलाय राज्ये थायलंडच्या हवाली केली आणि १९४५ साली ती पुन्हा ब्रिटिशांकडे आली. रेषा पुसली गेली आणि पुन्हा काढली गेली, रूळ मात्र होते तेथेच राहिले. आज मलेशियाच्या बाजूने येणाऱ्या रुळांवरच्या विजेच्या तारा पादांग बेसारलाच संपतात आणि पुढे डिझेलचे इंजिन लागते. फलाटावरून निघालेल्या प्रवाशाला आपले घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. सूर्य दोन्हीकडे तोच. परंतु १ जानेवारी १९८२ रोजी मलाय द्वीपकल्पाने आपली घड्याळे अर्धा तास पुढे सरकवली, ती समुद्रापलीकडच्या साबा आणि सारावाक या आपल्याच राज्यांच्या वेळेशी मेळ बसावा म्हणून. शेजारच्या गावापेक्षा हजार मैलांवरचे राज्य जवळचे ठरवणे, यालाच आधुनिक राज्यसंस्था म्हणतात. आणि ती व्याख्या ग्रंथातून पाठ करण्यापेक्षा मनगटावरचा काटा फिरवताना अधिक चांगली उमगते.

आता पहिला आक्षेप पुन्हा तपासून पाहावा. उथळपणा म्हणजे विषयाच्या मानाने अवलोकन तोकडे असणे. थायलंड हा विषय धरला तर एक रात्र हास्यास्पद आहे हे मीही म्हणतो, आणि त्याच मापाने आठ-दहा दिवसांत सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड असे तीन देश विमानाने उरकणारी सहकुटुंब सहलही हास्यास्पद ठरते, याची आक्षेपकांनी नोंद घ्यावी. सहा महिने चियांग माईत घर भाड्याने घेऊन राहणारा सुखवस्तू परदेशीही या मापाने फारसा पुढे जात नाही. त्याला पालेभाज्यांची नावे कळतात आणि घरमालकिणीचा स्वभाव कळतो, जे मोलाचे आहे. परंतु सरहद्द मात्र त्याच्या दृष्टीने विमानतळावरची एक रांग असते. रेषा ही स्वभावतःच अरुंद वस्तू आहे. तिच्यापाशी महिनाभर मुक्काम ठोकला म्हणून ती रुंद होत नाही. ती ओलांडताना अवलोकन तीक्ष्ण असावे लागते, आणि ओलांडण्यापूर्वी थोडे वाचन झालेले असावे लागते. या दोहोंचा दिवसांच्या संख्येशी काही एक संबंध नाही.

मराठी वाचकाला हे पटायला फार दूर जाण्याचे कारण नाही. १९६१च्या डिसेंबरपर्यंत आपल्या दारातच एक आंतरराष्ट्रीय सरहद्द होती. सावंतवाडीच्या हद्दीपलीकडे पोर्तुगीज अंमल सुरू होत असे. घाटमाथ्यावरचे कॅसलरॉक आणि घाटाखालचे कुळे यांच्यामधून मीटरगेजचा मार्ग ती सरहद्द ओलांडून मुरगावच्या बंदराकडे जात असे, आणि दोन्हीकडे जकातीचे अंमलदार सामान तपासत असत. एकाच बोलीचे, एकाच दैवताचे, एकमेकांशी सोयरीक असलेले लोक त्या रेषेच्या दोन्ही अंगांना राहत होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याच वर्षी ती गाडीही बंद पडली, तेव्हा सरहद्द म्हणजे काय हे त्या टापूतल्या कुटुंबांना जसे कळले तसे लिस्बनमध्ये वर्षभर राहून आलेल्या पंडितालाही कळले नसते. ती समजून घ्यायची तर आधी पोर्तुगालचा सखोल परिचय करून घ्या, असे त्या काळी कोणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले असते. तोच न्याय पादांग बेसारच्या प्रवाशाला लावायला हरकत कोणती?

दुसरा आक्षेप काटकसरीचा. येथे हिशेब मांडणारे फक्त एकच खाते उघडतात: किती रिंगिट वाचले आणि किती तास गेले. दुसरे खाते सोबतीचे आहे, आणि ते त्यांच्या वहीतच नसते. विमानात जो शेजारी बसतो त्याची सरहद्दीशी गाठ आपल्याइतकीच क्षणिक असते. स्वस्त गाडीत बसणाऱ्यांपैकी अनेकांची उपजीविका त्या सरहद्दीवर चालते. सुटीच्या दिवशी हातयाईत खायला आणि खरेदीला निघालेली मलेशियन कुटुंबे त्यात असतात, आणि ती इतक्या संख्येने जातात की हातयाईतल्या कित्येक दुकानांत रिंगिट सहज चालतात. गाठोडी घेऊन ये-जा करणारे किरकोळ व्यापारी असतात. थायलंडच्या दक्षिणेकडचे मलाय मुसलमान असतात, जे मलेशियात ‘तोम याम’ची उपाहारगृहे चालवतात किंवा त्यांत आचारी म्हणून राबतात आणि सणावारी घरी परततात, मलेशियातल्या माणसाला जे थाई जेवण म्हणून ठाऊक आहे त्याचा पुष्कळसा भाग या लोकांच्या हातचा आहे. सरहद्दीलगतच्या रहिवाशांना दोन्ही सरकारे एक निराळा परवाना देतात, ज्यावर त्यांना पलीकडच्या ठरावीक इलाख्यापुरते जाता येते. आपल्या हातात जगभर चालणारे पारपत्र आणि शेजारच्याच्या हातात चार जिल्ह्यांपुरता परवाना, तरी त्याला पलीकडे मामा आहे आणि आपल्याला कोणी नाही; हा विरोधाभास तिसऱ्या वर्गाच्या बाकावर बसल्याखेरीज दिसत नाही. तेव्हा वाचवलेले पैसे हे या प्रवासाचे फळ नव्हे. कमी पैसे हा प्रवेशाचा परवाना आहे.

शिवाय विमान हे सरहद्द ओलांडण्याचे साधन आहे असे मानण्यातच एक गफलत आहे. विमान सरहद्द ओलांडत नाही, ती रद्द करते. आणि ज्याला तिकीट परवडते त्याच्यापुरतीच रद्द करते. याचा दाखला फार जुना नाही. थायलंड आणि कंबोडिया यांच्यामधला अरण्यप्रथेत-पॉइपेत हा नाका अनेक वर्षे बँकॉकहून अंगकोरकडे जाणाऱ्या गरीब प्रवाशांचा राजमार्ग होता. २०२५च्या मध्यात दोन्ही देशांत जुना सीमावाद पेटला, नाकी बंद झाली, आणि जुलैमध्ये तोफा धडाडल्या. त्याच वादातील एका देवळाचा, प्रेआ विहारचा, निवाडा हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ सालीच कंबोडियाच्या बाजूने केला होता. परंतु निकालपत्राने डोंगरावरची रेषा शांत होत नाही. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात थायलंडात मजुरी करणारे लक्षावधी कंबोडियन स्त्री-पुरुष बोचकी डोक्यावर घेऊन नाक्यांवरून मायदेशी परतले. बँकॉकहून नोम्पेन्हला जाणारी विमाने मात्र त्याही काळात उडतच होती. त्याच दोन देशांमधली सरहद्द मजुराला बंद आणि उतारूला खुली, ही वस्तुस्थिती ज्याने कधी जमिनीवरून हा प्रदेश ओलांडला आहे त्याला वर्तमानपत्रातली बातमी वाचताच अंगाशी भिडते. इतरांना ती दूरच्या देशातली एक अप्रिय घटना वाटते.

येथे काही गोष्टी कबूल केल्या पाहिजेत, नाहीतर वकिली ही भाटगिरी होईल. स्वस्त प्रवाशांत एक वर्ग असा आहे की जो पाच बाटांसाठी फळे विकणाऱ्या म्हातारीशी घासाघीस करतो आणि त्याला अनुभव म्हणतो. दुसरा वर्ग असा की ज्याला पारपत्रातल्या शिक्क्यांची संख्या हीच विद्वत्ता वाटते. पॉइपेतच्या नाक्यावर खोट्या व्हिसा-कचेऱ्या थाटून प्रवाशांना नाडणाऱ्या दलालांची कीर्ती जगभर झाली होती, आणि त्यांना बळी पडण्याचे प्रमुख कारण प्रवाशांची घाई आणि अज्ञान हेच होते. हे सारे खरे आहे. पण या दोषांचे मूळ तिकिटाच्या किमतीत नाही. कृपण माणूस पंचतारांकित हॉटेलातही नोकराशी कृपणपणेच वागतो, आणि देश मोजणारा माणूस विमानाने ते अधिक वेगाने मोजतो. प्रवासाच्या एका प्रकाराला त्यातल्या हीन माणसांवरून जोखायचे असेल, तर सर्वच प्रकारांना तोच न्याय लावावा लागेल, आणि मग घराबाहेर पडण्याचा हक्क कोणालाच उरणार नाही.

राहिला तिसरा आक्षेप, आणि त्याला मी सर्वांत अधिक मान देतो. पर्लिसमध्येच, डोंगरपट्ट्यात, वांग केलियान नावाचे गाव आहे. तेथे आठवड्याचा बाजार भरत असे आणि दोन्हीकडच्या लोकांना पारपत्रावाचून थोड्या अंतरापर्यंत पलीकडे जाऊन खरेदी-विक्री करण्याची मुभा असे. १ एप्रिल २०१५पासून ती मुभा काढून घेण्यात आली. पुढच्याच महिन्यात, आधी थाई बाजूला सदाओ जिल्ह्यातल्या रानात, आणि मग मलेशियन बाजूला वांग केलियानच्या डोंगरात, मनुष्यविक्रीच्या छावण्या आणि पुरलेली माणसे सापडली. मलेशियाच्या पोलिसांनी आपल्या हद्दीत २८ छावण्या आणि १३९ थडगी असल्याचे जाहीर केले. मेलेले बहुतांशी म्यानमारमधून पळालेले रोहिंग्या आणि कामाच्या शोधात निघालेले बांगलादेशी होते. खंडणी मिळेपर्यंत त्यांना रानात डांबून ठेवले जात असे. २०१७ साली थाई न्यायालयाने साठाहून अधिक जणांना दोषी ठरवले, आणि त्यांत लष्करातला एक लेफ्टनंट जनरलही होता. ज्या रेषेवर आपल्याला एक शिक्का लागतो, त्याच रेषेवर थोड्या अंतरावर माणसांची किंमत ठरवून त्यांना विकले जात होते. मग तेथे मौजेने जावे कसे, असा हा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की मौजेने जाऊ नये, परंतु जावे. न जाण्याने सरहद्दीचा एक अणुमात्र अन्याय कमी होत नाही. होते इतकेच, की तिच्याशी आपला काही संबंध नाही हा समज शाबूत राहतो. तो समज खोटा आहे. अलीकडच्या काळात नोकरीच्या आमिषाने निघालेली आपल्याकडची तरुण मुले थायलंडातल्या मे सोत येथून मोई नदीपलीकडे म्यानमारच्या हद्दीत नेली गेली, तेथल्या बंदिस्त वसाहतींत त्यांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले गेले, आणि मार्च २०२५मध्ये भारतीय वायुदलाची विमाने पाठवून शेकडो जणांना परत आणावे लागले. दक्षिणपूर्व आशियातल्या सरहद्दी म्हणजे काय, त्यांवर कोणाची हुकमत चालते आणि कोणती नदी नुसती नदी नसते, एवढे ज्ञान जरी आपल्या घरांत असते, तरी त्यांतली काही मुले निघण्यापूर्वी दोन प्रश्न अधिक विचारती. परदुःखाकडे पाहणे आणि परदुःखाचा तमाशा करणे यांतला भेद मला मान्य आहे; मात्र तमाशा टाळण्यासाठी पाहणेच सोडून द्यावे, हा उपदेश फार सोयीचा आहे, आणि तो बहुधा ज्यांना काही दिसण्याची भीती आहे त्यांच्याकडूनच येतो.

आणखी एक गोष्ट या नैतिक आक्षेपकांच्या ध्यानात आणून दिली पाहिजे. अल्पखर्चिक भूमार्गी प्रवाशाला ते विशेषाधिकारी समजतात, परंतु राज्यसंस्था त्याला तसे समजत नाही. थायलंडने भारतीयांना व्हिसावाचून प्रवेश दिला तो २०२३च्या नोव्हेंबरात, मलेशियाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात. तोवर आपल्या पारपत्राची या दोन्ही नाक्यांवर काय पत होती हे प्रत्येक भारतीय प्रवाशाला ठाऊक आहे. आणि व्हिसामाफीतही थायलंडने कित्येक वर्षे एक मेख ठेवलेली होती: जमिनीवरून किंवा समुद्रावरून येणाऱ्याला ती सवलत एका वर्षात दोनदाच घेता येत असे, विमानाने उतरणाऱ्याला तशी ठरीव संख्या नियमात घातलेली नव्हती. कायद्याच्या दृष्टीने माणूस एकच, पारपत्र एकच, हेतूही एकच. संशय केवळ त्याच्या वाहनावर. गरिबाच्या वाटेने आलेल्याला दप्तर दोनदा तपासते. हे ज्याच्या बाबतीत घडते तो सरहद्दीच्या अन्यायाचा प्रेक्षक तरी कसा म्हणावा? त्याचा वाटा अत्यल्प असेल, रोहिंग्यांच्या यातनांपुढे त्याचे नावही घेऊ नये इतका अत्यल्प असेल. पण जे यंत्र तेथे माणसांना चिरडते त्याच यंत्राचा सर्वांत हलका दात त्याला लागलेला असतो, आणि यंत्राची ओळख पटायला तेवढे पुरते.

तेव्हा तिन्ही आक्षेपांतून शिल्लक काय राहते? एक मर्यादा राहते, आणि ती मला पूर्णपणे मान्य आहे. हातयाईत एक रात्र राहून आलेल्याने थाई लोकस्वभावावर, बौद्ध धर्मावर किंवा पत्तानीच्या धुमसत्या प्रश्नावर निर्णायक मत देऊ नये. दिल्यास त्याला आक्षेपकांनी खुशाल झोडपावे, मीही त्यांच्या बाजूने उभा राहीन. परंतु पादांग बेसारच्या एका छपराखाली दोन सरकारे कशी बसतात, कोणाला किती प्रश्न विचारले जातात, कोणाच्या पिशव्या उघडल्या जातात आणि कोणाच्या नाही, विजेच्या तारा कोठे संपतात आणि चलन कोठपर्यंत चालते, यांविषयी तो जे सांगेल ते ऐकून घेण्याजोगे आहे. ते त्याने स्वतः पाहिलेले असते, आणि पुरेसे पाहिलेले असते. त्याच्या दिवसांची संख्या आणि तिकिटाची किंमत पुढे करून त्याला गप्प बसवू पाहणाऱ्यांनी आधी एवढेच सांगावे, की इतक्या वेळा परदेशी जाऊन आल्यावर त्यांनी स्वतः किती सरहद्दी पाहिल्या, आणि त्यांतली एखादी जमिनीवर होती काय.